डिस्क नवी, पाईप जुना

माहूरला येणारा भाविक गड चढायच्या तयारीनं येतो. गाडी चालवणारा उतरण्याचा विचार करत असतो. रेणुकामातेचं दर्शन झालं, तांबूल घेतला, पुढे अनसूया आणि दत्तशिखर झालं, की सागाच्या जंगलातल्या वळणांवरून माणसांनी भरलेली गाडी खाली आणायची असते. नवरात्राच्या गर्दीत खासगी गाड्या पायथ्याशी थांबवतात आणि भाविकांना वर नेण्या-आणण्याचं काम एसटी करते. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत मात्र या घाटात सगळं काही चढतं आणि उतरतं: काळी-पिवळी, छोटे टेम्पो, लग्नाची वऱ्हाडं, आणि अजूनही अधूनमधून एखादी उंच बॉनेटची जुनी महिंद्रा जीप.

या मुलखात ही जीप हौसेसाठी आली नव्हती. इथला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. आधी हैदराबाद संस्थानाचं टोक, मग महाराष्ट्राचं टोक. डोंगर, जंगल, तांडे, पाडे, आणि पैनगंगेला मोठा पूर आला की धनोड्याकडचा रस्ता अडलेला. अशा ठिकाणी चारही चाकांना जोर लावणारी गाडी म्हणजे दवाखान्याची, बाजाराची आणि खतबियाण्याची एकमेव सोय. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत १९५३ साली आलेलं उंच बॉनेटचं सीजे-३बी हे मॉडेल पुढे आपल्याकडे कित्येक वर्षं बनत राहिलं. त्यातल्या अनेक गाड्यांचं मूळ पेट्रोल इंजिन केव्हाच गेलं आणि डिझेल बसलं. मागचा भाग कापून कुणी हौदा केला, कुणी बाकडी टाकली. ब्रेक मात्र बहुतेकांचे होते तसेच राहिले: चारही चाकांना ड्रम, आणि फळीखाली लपलेला एकच मास्टर सिलेंडर.

आता अशा जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याची लाट आली आहे. वडिलांची, आजोबांची जीप गोठ्यातून बाहेर काढायची, पत्रा करायचा, रंग द्यायचा आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात चांगलं वाटतं आणि त्याचीच सगळ्यात जास्त काळजीही वाटते. कारण डिस्क दिसते, कॅलिपर दिसतो, त्यावर पैसे खर्च होतात. त्या डिस्कपर्यंत पायाचा जोर पोचवणारा ब्रेक पाईप चॅसीच्या आत, चिखलाआड असतो. तो बऱ्याचदा तसाच ठेवला जातो.

आधी घाट ब्रेकला काय करतो ते पाहू. माणसांसह दोन टन भरणारी गाडी दोनशे मीटर उंचीवरून खाली आली, की जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यावर साधारण तेरा लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला आणता येईल. इंजिननं त्यातला वाटा उचलला नाही तर ती सगळी उष्णता चार ड्रममध्ये जाते. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. लायनरची पकड कमी होते. पेडल आणखी खाली जाऊ लागतं. ड्रम चारी बाजूंनी बंद, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वाट नाही. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली तर आत शिरलेलं पाणीही लवकर निघत नाही. डिस्क उघडी असते. तिला वारा लागतो, पाणी फेकलं जातं, आणि ती तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते. म्हणून उतारावर डिस्कचा भरवसा जास्त.

ही कल्पना नवी नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ साली घेतलं. तिला नाव मिळालं १९५३ साली, जग्वारनं डिस्क लावलेल्या गाडीनं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. म्हणजे उंच बॉनेटची जीप ड्रम घेऊन जन्मली त्याच वर्षी.

आता जोराचा हिशोब. पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो: बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. जीपच्या पेडलवर पायानं तीस किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ सहापट असेल, तर मास्टर सिलेंडरच्या दट्ट्यावर एकशे ऐंशी किलो पडतात. दट्ट्या एक इंच व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटरच्या आसपास. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पस्तीस किलो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या पाचपट. ड्रमला इतकं पुरतं, कारण ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आवळला जातो आणि पायाला मदत करतो. डिस्कमध्ये तशी मदत नाही. पॅड दोन बाजूंनी सरळ दाबावं लागतं, म्हणून दाब दुप्पट हवा. त्यासाठी बूस्टर लागतो. बूस्टर बसला की नळीत सत्तरच्या वर दाब जाऊ लागतो, आणि जोरात ब्रेक मारला तर शंभरच्या घरात.

चाळीस-पन्नास वर्षं पस्तीसच्या दाबावर चाललेली, आतून-बाहेरून गंजलेली नळी आता दुप्पट दाब झेलणार. डिस्क बसवल्यावर जुना पाईप जास्त धोकादायक होतो, तो असा.

माहूरच्या एका गॅरेजात असं एक काम मी जवळून पाहिलं. गाडी किनवटकडच्या एका शेतकरी घरातली, वडिलांनी वापरलेली, डिझेल इंजिन बसवलेली. पुढच्या पिढीतल्या महिंद्रा गाड्यांचे सुटे भाग जमवून पुढच्या चाकांना डिस्क लावायची होती. मालकाचं म्हणणं, पाईप तर चांगले आहेत, रंगही दिलाय. गॅरेजच्या उस्तादांनी वाद घातला नाही. मागच्या धुरीकडे जाणारा पाईप चॅसीला जिथं पत्र्याच्या क्लिपनं धरला होता तिथली क्लिप उचकली आणि मालकाला बोट फिरवायला सांगितलं. वरून काळाभोर दिसणाऱ्या पाईपवर क्लिपखाली खड्डे पडले होते. हाताखालच्या पोराला सांगून तेवढा तुकडा कापला आणि उभा चिरला. भिंत काही ठिकाणी कागदाएवढी उरली होती.

‘‘मालक, युरियाची पोती किती वर्षं वाहिली यात?’’

‘‘लई. बाबांच्या काळापासून.’’

‘‘मग हे त्याचंच हाय.’’

खताचे कण ओलसर हवेत पाणी धरतात आणि लोखंड खातात. क्लिपखाली चिखल अडकून राहतो आणि तो वर्षभर वाळत नाही. पाईप उघड्यावर कमी गंजतो, झाकलेल्या जागी जास्त गंजतो. म्हणून पाईप तपासताना स्वच्छ दिसणारा भाग बघून उपयोग नाही. क्लिपा काढाव्याच लागतात.

दुसरा शत्रू नळीच्या आत असतो. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतं. ग्लायकॉलवर आधारलेला द्रव असतो आणि तो हवेतलं पाणी शोषून घेतो. डॉट-३ प्रकारचा कोरा द्रव दोनशे पाच अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेला तोच द्रव एकशे चाळीस अंशांना उकळू शकतो. घाटात चाकाजवळचा द्रव तेवढा तापला तर नळीत वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. पेडल फळीला टेकतं आणि गाडी चालतच राहते. डॉट-४ चे हेच आकडे दोनशे तीस आणि एकशे पंचावन्न. शोषलेलं पाणी पाईपही आतून गंजवतं. दोन वर्षांनी ऑइल बदला असं सांगतात ते याच्यासाठी. आणि ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइलचा एक थेंबही जाऊ नये. रबरी सील फुगून सगळी यंत्रणा निकामी होते.

रबरी होज पाईपचं आणखी वेगळं. तो बाहेरून ठीक दिसतो आणि आतून सुजतो. पाय दाबला की द्रव जोरानं जातो, पाय काढला की परत येत नाही. एक चाक धरून राहतं, तापतं, आणि मिस्त्री बिचारा कॅलिपर खोलत बसतो. डिस्क बसवताना तिन्ही होज नवे घ्यावेत. यात काटकसर नको.

आता नवा पाईप कशाचा? गावाकडे फ्रीजवाल्याकडची तांब्याची नळी वापरण्याची सवय आहे, कारण ती हातानं वळते आणि लगेच मिळते. ती ब्रेकला चालत नाही. तांबं मऊ असतं, आणि सतत हादरे बसले की कडक होऊन चिरतं. जीपसारखी हादरणारी गाडी नाही. ब्रेकची खरी नळी दुपदरी पोलादाची असते: पातळ पत्रा दोनदा गुंडाळून तांब्यानं सांधलेला, वर गंजरोधक थर, बाहेरचा व्यास तीन सोळांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. तांबं-निकेलची मिश्रधातूची नळीही उत्तम. ती गंजत नाही आणि वळायला सोपी. व्होल्वोनं १९७० च्या दशकातच आपल्या मोटारींना ती वापरायला सुरुवात केली. फुटलेल्या जागी डिझेल लाइनचा जोड टाकून काम भागवणारे लोक आहेत. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की टाकीतून येणाऱ्या डिझेलच्या नळीत जेवढा दाब असतो त्याच्या कित्येक पट दाब इथं आहे. तो जोड निसटला तर गाडी बंद पडत नाही, सुटते.

उस्तादांच्या टेबलावरचं खरं कसब फ्लेअरमध्ये दिसलं. नळीचं तोंड निपलच्या आत घट्ट बसावं म्हणून ते फुलवावं लागतं, आणि तेही दुहेरी: आधी तोंड आत दुमडायचं, मग शंकूनं दाबून पसरायचं. एकेरी फुलवलेलं तोंड दाबाखाली चिरतं. करवतीनं कापायचं नाही, फिरत्या कटरनं सरळ कापायचं. आतली-बाहेरची धार काढायची, फुंकर मारून कीस घालवायचा. मग निपल नळीत ओवायचं. हे आधी नाही केलं तर फ्लेअर झाल्यावर निपल आत जातच नाही आणि तोंड पुन्हा कापावं लागतं. नळी पट्टीत आवळली, फ्लेअर करायच्या गुंडीची पायरी नळीशेजारी धरून किती बाहेर ठेवायची ते मापलं, स्क्रू फिरवला. गुंडी काढली, शंकू लावला, पुन्हा फिरवला. पोरानं मोबाइलचा उजेड धरला आणि उस्तादांनी भिंगातून तोंडाची कड गोल फिरवून पाहिली. पहिलं तोंड एका बाजूला जाड आलं होतं.

‘‘काप.’’

‘‘चालंल की उस्ताद, आवळलं की बसंल.’’

‘‘माणसं बसणार हायेत या गाडीत. काप म्हनलं ना.’’

कापलं. दुसरं तोंड एकसारखं आलं.

नळी कुठून न्यायची हेही ठरवावं लागतं. जुन्या जीपमध्ये एका सिलेंडरमधून एकच नळी निघते आणि पितळी टी लावून पुढे-मागे फुटते. कुठेही एक छिद्र पडलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. मला या गाडीतली सगळ्यात भीतिदायक गोष्ट हीच वाटते, ड्रमपेक्षाही जास्त. डिस्कसाठी दोन कप्प्यांचा टँडम मास्टर सिलेंडर बसवतात, तेव्हा पुढची नळी आणि मागची नळी वेगळी होते. एक फुटली तरी दुसरी निदान गाडी थोपवते. म्हणजे डिस्कच्या कामात जुना टी निघतोच, पाईप नव्यानं आखावाच लागतो. मग अर्धे जुने पाईप ठेवून काय वाचतं? काही रुपये आणि एक दुपार.

आखणीचे नियम साधे आहेत. सायलेन्सरपासून लांब, चॅसीच्या आतल्या बाजूनं, दगड लागणार नाही असं. वळण बेंडरनं द्यायचं, नळी चपटी होता कामा नये. हातभर अंतरावर क्लिप, आणि क्लिप आणि नळीमध्ये रबर. चाक पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून, जॅकवर धुरी खालीवर करून होज ताणतो का, टायरला घासतो का ते पाहायचं. निपल उघड्या तोंडाच्या पान्यानं आवळलं की कडा गोल होतात. त्यासाठी फटीचा रिंग पाना मिळतो, तोच घ्यावा.

डिस्कबरोबर आणखी तीन गोष्टी येतात आणि त्या विसरल्या जातात. जुन्या ड्रमच्या सिलेंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो डिस्कच्या नळीत राहिला तर पॅड सतत घासतं. उलट मास्टर सिलेंडर फळीखालीच ठेवला आणि कॅलिपर त्याच्या पातळीला किंवा वर आला, तर द्रव मागे ओघळतो आणि पहिलं पेडल पोकळ जातं. त्यासाठी अगदी हलक्या दाबाचा वेगळा व्हॉल्व लागतो. तिसरं, मागचे ड्रम पुढच्या डिस्कआधी धरले तर रिकामी जीप ओल्या रस्त्यावर मागून फिरते. मागच्या नळीतला दाब कमी करणारा व्हॉल्व त्यासाठी.

आणि बूस्टर. पेट्रोल इंजिन चालताना निर्वात आपोआप मिळतो. डिझेल इंजिनात तो मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. पंप नसलेल्या डिझेल जीपला बूस्टर लावणं म्हणजे नुसता डबा लावणं. याला जोडूनच एक जीवघेणी सवय आहे: उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करायचं. ड्रमच्या जुन्या जीपमध्ये बूस्टरच नव्हता, तेव्हा इंजिन बंद असलं तरी पेडलला फरक पडत नव्हता. बूस्टरच्या गाडीत इंजिन बंद केलं की दोन-तीन वेळा पाय दाबेपर्यंत साठवलेला निर्वात संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक असतो, पण त्यासाठी लागणारा जोर साध्या माणसाच्या पायात नसतो. जुने ड्रायव्हर सांगत आले तोच नियम खरा: ज्या गिअरमध्ये घाट चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची.

एसटीच्या बसकडे पाहिलं की फरक कळतो. तिथं हवेचा ब्रेक असतो. आताच्या बसमध्ये हवा गेली तर स्प्रिंग सुटून चाकं आपोआप धरतात. म्हणजे नळी फुटली तर गाडी थांबते. आपल्या जीपमध्ये नळी फुटली तर ब्रेक जातो. छोट्या गाडीच्या मालकानं म्हणून एसटीपेक्षा जास्त जागरूक राहायला हवं.

संध्याकाळी हवा काढायला घेतली. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्लीडरवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पोरगा सीटवर, उस्ताद चाकाशी.

‘‘मार... मार... मार. धर!’’

‘‘धरलं.’’

‘‘सोडू नको रे, मी म्हनंपर्यंत.’’

बाटलीत बुडबुडे आले, मग कमी झाले, मग थांबले. पुढच्या डाव्या चाकाला मात्र बुडबुडे थांबले तरी पेडल नरमच. उस्तादांनी कॅलिपरकडे पाहिलं आणि मान हलवली. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली होती. ब्लीडर वरच्या बाजूला असायला हवा तो खाली आला होता. हवा वर राहते, खालून कशी निघणार? कॅलिपर बदलले, पुन्हा सुरुवात. दरम्यान डबीतलं ऑइल संपू न देणं हे मालकाकडे दिलेलं काम होतं आणि तो ते डोळ्यात तेल घालून करत होता.

शेवटची तपासणी नव्याण्णव टक्के गॅरेजांत होत असेल असं मला वाटत नाही. इंजिन चालू ठेवून पोरानं सगळा जोर लावून पेडल मिनिटभर दाबून धरलं. तेवढ्यात उस्तादांनी प्रत्येक निपलखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा टेकवून पाहिला. एका निपलशी ठिपका उमटला. पाव फेरा आवळला, पुसलं, पुन्हा मिनिटभर. कोरडं. मग हँडब्रेक तपासला, कारण बाकी सगळं गेलं तर तोच उरतो. सपाट रस्त्यावर हळू वेगानं काही वेळा ब्रेक मारून पॅड बसवलं. घाटात गाडी त्या दिवशी नेली नाही. काही दिवस गावात चालवून, निपल पुन्हा तपासून मगच न्यायची, असं उस्तादांनी बजावलं आणि मालकानं ऐकलं.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद हवीच. ब्रेकच्या कामाबद्दल नांदेडच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावं आणि सुट्या भागांची बिलं जपून ठेवावीत. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करण्याचा नियम २०२१ साली आला. पण तशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. शेतकऱ्याच्या कामाच्या जीपला तो मार्ग उपयोगाचा नाही.

डिस्कसाठी पैसे साठेपर्यंत थांबणाऱ्या मालकांनाही एक सांगतो. सगळं एकदम करायला जमत नसेल तर क्रम उलटा करा. आधी सगळे पोलादी पाईप, तिन्ही होज आणि ताजं डॉट-४ ऑइल. त्यानंतर दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर. डिस्क सगळ्यात शेवटी. चांगल्या पाईपावरचे नीट बसवलेले ड्रम घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये माहूरचा घाट उतरता येतो, पिढ्यान्‌पिढ्या लोक उतरले आहेत. गंजक्या पाईपावरची नवी डिस्क घेऊन उतरू नका. या दिवाळीत जुनी गाडी बाहेर काढणार असाल, तर रंगाच्या दुकानात जायच्या आधी गाडीखाली जा आणि एक क्लिप काढून बघा.